'नीमायर' या जर्मन आडनावाचा अर्थ काय? मायर म्हणजे नक्की कोण?

पर्वतीची_मावशी

नमस्कार मंडळी, एक मदत हवीये. आमच्या भाच्याचं लग्न ठरलंय, मुलगी जर्मन आहे, बीलेफेल्ड म्हणून शहर आहे त्याच्या जवळच्या खेड्यातली. मुलगी गोड आहे, पुरणपोळी दोनदा मागून खाल्ली, तक्रार काही नाही. घोळ आडनावाचा आहे. तिचं आडनाव नीमायर. आता आमच्याकडे आडनावाचा छडा लागल्याशिवाय कोणाला घास उतरतो का! मोठ्या आत्या म्हणतात मायर म्हणजे मेयर म्हणजे महापौर, घराणं मोठं दिसतंय. धाकटे काका म्हणतात मी नेटवर बघितलंय, मायर हे ज्यू असतात. भाच्याला विचारावं तर तो म्हणतो "मावशी इथे दगड मारला तर मायरलाच लागतो, मी काय सांगू". मुलीच्या बाबांना व्हिडिओ कॉलवर विचारलं तर ते हसून म्हणाले "शेतकरी" आणि विषय संपला. त्यात पत्रिका मराठीत छापायचीये, नीमेयर छापायचं का नीमायर यावरून दोन दिवस वाद चाललाय. जर्मनीतले कोणी असतील तर जरा इस्कटून सांगा ना.

हॅनोवरी

मावशी आधी अभिनंदन. नीमायर छापा, मेयर अजिबात नको. जर्मनमध्ये ई-आय लिहिलं की आय वाचायचं, ई-वाय लिहिलं तरी आय, ए-आय लिहिलं तरी आय आणि ए-वाय लिहिलं तरी आयच. म्हणजे स्पेलिंगं चार आणि उच्चार एकच, मायर. शिवाय बव्हेरियात पाचवं पण आहे, त्यात शेवटचा ई गाळतात, एम-ए-वाय-आर. इथे फोनवर कोणी नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "कसलं वाय, ई का ए?" आमच्या ऑफिसात तीन स्पेलिंगांचे मायर आहेत आणि माझा रजेचा मेल कायम चुकीच्या मायरला जातो, तो बिचारा प्रत्येक वेळी "गेट वेल सून" लिहून पाठवतो.

अर्थ मात्र महापौर नाही हां. महापौराला इथे ब्युर्गरमाइस्टर म्हणतात.

कोकणकडा

आत्या अगदीच चुकल्या नाहीत पण. मूळ एकच आहे, लॅटिन मायोर, म्हणजे मोठा, वरचा. त्याच्यावरून फ्रेंच मेर, इंग्रजी मेयर, सैन्यातला मेजर आणि जर्मन मायर, सगळी एकाच आजीची नातवंडं. फक्त फ्रान्स-इंग्लंडमधला नातू शहरात गेला आणि नगराध्यक्ष झाला, जर्मनीतला गावी राहून शेती बघत बसला.

अवांतर: महापौर हा शब्द सावरकरांचा.

वऱ्हाडी_ठेचा

म्हंजे आपल्यासारखंच हाय की भाऊ, मुंबईचा भाऊ सायेब झाला न आमी वावरात. पण हा मायर वावरात करे काय, राबे का राबवे?

म्यून्स्टरचा_नाना

राबवायचा. लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

फ्रँकांचा सम्राट शार्लमेन याच्या काळात, साधारण इ.स. ८०० च्या आसपास, राजाच्या आणि मठांच्या जमिनी शेकडो गावांत विखुरलेल्या होत्या. राजा किंवा मठाधिपती प्रत्येक गावात जाऊन बसू शकत नाही, म्हणून प्रत्येक ठिकाणी एक मुख्य वाडा असायचा (फ्रोनहोफ म्हणतात) आणि त्या वाड्यावर मालकाचा एक माणूस बसवलेला असायचा. तो माणूस म्हणजे मायर. आजूबाजूच्या कुळांकडून धान्य, कोंबड्या, अंडी, डुकरं वसूल करायची, मालकाच्या खास शेतावर कुळांनी आठवड्यातले ठरलेले दिवस फुकट राबायचं त्याची हजेरी ठेवायची, बारीकसारीक भांडणं निवडायची, आणि वर्षाकाठी वरती हिशेब पोचवायचा. लॅटिन कागदांत कुठे मायोर लिहितात, कुठे व्हिलिकुस.

शार्लमेनच्या राजवटीत जमिनींच्या कारभाराची नियमावली निघाली, त्यात या लोकांसाठी दोन नियम आहेत ते मला फार आवडतात. एक म्हणजे मायरकडे एका दिवसात फिरून बघून होईल त्यापेक्षा जास्त मुलूख द्यायचा नाही. आणि दुसरा, बलदंड माणसांतून मायर कधीच नेमायचा नाही, मधल्या पायरीवरचा आणि इमानी असा बघून नेमायचा. म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वीच सरकारला कळलेलं होतं की गावातल्या दांडग्याच्या हातात वसुली दिली की काय होतं.

आणि तरी व्हायचं ते झालंच. स्वित्झर्लंडमधल्या सांक्ट गालेनच्या मठात अकराव्या शतकात एकेहार्ट नावाचा भिक्षू इतिहास लिहीत होता, त्याने या मायर लोकांबद्दल चरफडून लिहून ठेवलंय. म्हणतो, गावोगावचे आमचे मायर आता ढाली आणि चकचकीत घासलेली हत्यारं घेऊन फिरायला लागले, बाकीच्या गावकऱ्यांपेक्षा वेगळ्या सुरात शिंग फुंकायला शिकले, कुत्री पाळली ती आधी सशांमागे सोडायला आणि मग अस्वलांमागे. वाचताना डोळ्यासमोर माणूस उभा राहतो की नाही? मठाचा चाकर, पण ऐट सरदाराची. अशातले काही पुढे खरंच खालच्या पायरीचे सरदार बनले. बरेचसे मात्र गावातले बडे शेतकरी म्हणून राहिले. मावशी, तुमचे व्याही "शेतकरी" म्हणाले ते खरं आहे, फक्त जरा कमी करून सांगितलंय.

वऱ्हाडी_ठेचा

शिंग फुकाची बी स्टाईल येगळी. नाना एकच नंबर.

मोडीवाचक

नाना, हे वाचून कोकणातला खोत आठवल्याशिवाय राहात नाही. सरकारचा वसुली करणारा माणूस, मग पद वंशपरंपरा, मग पदाचं आडनाव आणि शेवटी जमिनीवर मालकीच. मायर म्हणजे खोतच म्हणा ना सरळ.

म्यून्स्टरचा_नाना

अर्धं पटतं. खोत सरकारशी सारा ठरवून घ्यायचा आणि मधली तफावत खिशात घालायचा. सुरुवातीचा मायर तसा नव्हता, तो पुष्कळदा स्वतःच मालकाच्या बंधनातला, गाव सोडून जायचंही स्वातंत्र्य नसलेला माणूस असायचा. चाकरीत वर चढला एवढंच. ठेकेदारीसारखा प्रकार नंतर आला. बाराव्या-तेराव्या शतकापासून या वाड्यांची व्यवस्था मोडत गेली, मालकांना हजेरी-हिशेबाचा वैताग आला, त्यांनी मुख्य वाडा आणि त्याची जमीन मायरलाच ठरलेल्या धान्यावर लावून दिली. वायव्य जर्मनीत, म्हणजे आजच्या लोअर सॅक्सनीत, त्याचा एक आख्खा कायदाच झाला, मायररेश्ट म्हणतात. कूळ मायर, जमीन वंशपरंपरेने एकाच वारसाला, तुकडे पाडायला बंदी.

मोडीवाचक

वंशपरंपरा, ठरलेला वसूल, आणि जमीन नावाला दुसऱ्याची. नाना तुम्ही माझंच म्हणणं शाबित करताय. आपल्याकडे खोती जायला १९४९ चा कायदा यावा लागला, त्याआधी १९३७ मध्ये बाबासाहेबांनी विधेयक आणलं होतं. तिकडे कधी सुटले?

म्यून्स्टरचा_नाना

हॅनोवरच्या राज्यात १८३३ च्या कायद्याने शेतकऱ्याला एकरकमी पैसे भरून मालकाचा हक्क सोडवून घेता यायला लागला. पण बघा, तिकडे मायर सुटला, इकडे खोतापासून कूळ सुटलं. तुमची तुलना नेमकी इथे उलटी पडते. लोअर सॅक्सनीतला नंतरच्या काळातला मायर हा खोत नाही, कूळ आहे. चांगलं सधन कूळ, पण कूळच.

मोडीवाचक

सांक्ट गालेनचा अस्वलवाला मात्र खोतच. यावर मी हटणार नाही.

रसायनवाला

मायर म्हटलं की आम्हाला बारावी आठवते. सीपी वजा सीव्ही बरोबर आर, ते मेयर्स रिलेशन. वाफेची घनता काढायची व्हिक्टर मेयर पद्धत, ते नळकांडं जर्नलमध्ये काढता काढता जीव जायचा. मेंडेलीव्हच्या जोडीने मूलद्रव्यांची मांडणी करणारा लोथार मेयर. बायोकेमवाल्यांचा एम्बडेन-मेयरहॉफ. आणि जीवशास्त्रात प्रजातीची व्याख्या करणारा अर्न्स्ट मेयर. एवढे सगळे एकाच घराण्यातले नसणार हे कळतं, पण काहीच नातं नाही का यांचं?

हॅनोवरी

काहीच नाही. आणि यातच या आडनावाची गंमत आहे. दर गावाला एक मायर, त्यामुळे आडनाव हजार ठिकाणी स्वतंत्रपणे तयार झालं. जर्मनीत म्युलर, श्मिट, श्नायडर, फिशर, वेबर (गिरणीवाला, लोहार, शिंपी, कोळी, विणकर) यांच्यानंतर सहाव्या नंबरला मायर येतो आणि तोही नुसता ई-वायवाला, बाकीची स्पेलिंगं मिळवली तर अजून वर जाईल.

पण स्पेलिंगवरून गाव ताडता येतं बऱ्यापैकी. ई-वाय हे उत्तरेचं. लोथार मायर ई-वाय, जन्म ओल्डेनबुर्गकडच्या फारेलचा. पापेनबुर्गचा तो प्रसिद्ध जहाजांचा कारखाना, तोही ई-वाय. ए-आय आणि ए-वाय हे दक्षिणेचे, सीपी-सीव्हीवाला रॉबर्ट मायर ए-वाय, हाइलब्रॉनचा डॉक्टर. फुटबॉलवाले असाल तर ७४ च्या वर्ल्डकपचा गोलकीपर सेप मायर, ए-आय, बव्हेरियाचा. आणि अर्न्स्ट मायर शेवटचा ई गाळलेला, जन्म केम्प्टनचा, म्हणजे पार खाली आल्प्सजवळ. ई-आय थोडं सगळीकडे सापडतं, आणि स्वित्झर्लंडमध्ये तर ढिगाने.

व्हिक्टर मायरला मात्र हे लागू होत नाही, तो बर्लिनचा ज्यू. ती वेगळीच गोष्ट आहे.

अवंतिका_के

हो तेच विचारणार होते, मावशींच्या काकांचा मुद्दा राहूनच गेला. मलाही मायर म्हणजे ज्यू असंच वाटायचं. इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मेयर, हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओमधला मेयर वगैरे.

म्यून्स्टरचा_नाना

काका पूर्ण चूक नाहीत पण नीमायरच्या बाबतीत तो रस्ता नाही.

हिब्रूत मेइर असं पुरुषाचं नाव आहे, अर्थ प्रकाश देणारा. फार जुनं नाव, दुसऱ्या शतकात रब्बी मेइर होऊन गेले, त्यांची मतं मिश्ना या ज्यू धर्मग्रंथात जागोजागी येतात. ज्यू लोकांत पिढ्यानपिढ्या अमुक बिन तमुक अशीच पद्धत होती, कायमचं आडनाव बहुतेकांना नव्हतं. मग सरकारांना कर आणि सैन्यभरतीसाठी आडनावं हवी झाली. ऑस्ट्रियात दुसऱ्या योसेफने १७८७ मध्ये फर्मान काढलं, नेपोलियनने १८०८ मध्ये, प्रशियाने १८१२ मध्ये. आता तुमच्या बापाचं नाव मेइर आहे आणि शेजारच्या ख्रिस्ती शेतकऱ्याचं आडनाव आयतं मायर आहे, तर कारकुनासमोर तुम्ही काय सांगाल? मायर! कानाला तेच, आणि चारचौघांत वेगळं पडत नाही. म्हणजे दोन अगदी वेगळ्या मुळांचे शब्द एका आडनावात येऊन मिसळले. त्यामुळे नुसत्या मायरवरून माणूस ज्यू का ख्रिस्ती हे सांगताच येत नाही.

गोल्डाबाईंचं माहेरचं नाव माबोविच, नवऱ्याचं मायरसन. १९५६ मध्ये परराष्ट्रमंत्री झाल्यावर हिब्रू नाव घ्यायचं ठरलं तेव्हा सन कापून मेइर केलं, म्हणजे जर्मन वळणाचं नाव परत हिब्रूत नेलं. एमजीएमचा लुई मेयर जन्माने लाझार मेइर. आणि ऑपेराचा संगीतकार मायरबेअर, तो मूळचा याकोब लीबमान बेअर, आजोबांच्या नावातलं मायर त्याने आपल्या आडनावाला पुढून जोडलं.

जोडनावात मात्र शेतीचा वास पक्का असतो. नीमायर, ओबरमायर, वेस्टरमायर असं काही दिसलं की ते बहुतेक वेळा गावाकडच्या वाड्याचंच नाव.

अलिबागचा_पांढरा_कांदा

यावर एक इकडचं. आमच्या रायगडातल्या बेने इस्राएल लोकांना (म्हणजे इकडचे ज्यू) कोणी फर्मान काढून आडनाव द्यावं नाही लागलं, ते गावावरून पेणकर, रोहेकर, किहीमकर झाले चारचौघांसारखे. नावं बायबलमधली आणि आडनाव शेजारच्या आगऱ्या-भंडाऱ्यासारखं. तेलाचा धंदा आणि शनिवारी सुट्टी, म्हणून आमच्या आळीत म्हातारी माणसं त्यांना शनवार तेली म्हणूनच ओळखायची.

इतिहासमित्र

मायर इतकं सर्रास नाव की त्यावरून वाक्प्रचारच होता. आपण नाही का पैज लावताना "नाहीतर नाव बदलीन" म्हणतो, तसं हे "तसं झालं तर मला मायर म्हणा". दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला हिटलरचा हवाईदलप्रमुख गोअरिंगने बढाई मारली होती की शत्रूचं विमान ऱ्हूरवर (जर्मनीतला कारखान्यांचा पट्टा) आलं तर मला मायर म्हणा. १९४० मध्येच ब्रिटिश विमानं ऱ्हूरवर काय, बर्लिनवर येऊन बॉम्ब टाकून गेली. लोकांनी लगेच त्याचं बारसं केलं, हेरमान मायर. त्याला शिकारीचा शौक, सरकारी शिकारप्रमुखाचं पदही त्याच्याचकडे, म्हणून हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की "मायरचं शिंग वाजलं" म्हणायचे, अर्थात हळू आवाजात.

यातला विरोधाभास बघा, ज्या राजवटीने १९३८ मध्ये कायदा करून ज्यूंना नावापुढे इस्राएल आणि सारा जोडायला लावलं, कारण नुसत्या नावावरून कोण कोण ते कळत नव्हतं, तिच्याच दोन नंबरच्या माणसाला लोक मायर म्हणत होते.

कोकणकडा

मायरांपैकी सगळ्यात वर पोचलेले राहिलेच की. शार्लमेनचे पूर्वज! त्याच्या आधी फ्रँकांचे मेरोविंगी राजे होते, ते नावापुरते आणि सगळा कारभार त्यांच्या वाड्याच्या कारभाऱ्याच्या हातात, त्याला मायोर डोमुस म्हणायचे, जर्मनमध्ये हाउसमायर. ७३२ ची लढाई जिंकणारा कार्ल मार्टेल हा हाउसमायरच होता. त्याचा मुलगा पिपिन याने ७५१ मध्ये शेवटच्या राजाचे लांब केस कापून त्याला मठात पाठवलं आणि स्वतः गादीवर बसला. छत्रपती साताऱ्यात आणि कारभार पुण्यात, ओळखीचं वाटतंय ना.

मोडीवाचक

पेशव्यांनी कोणाचे केस कापले नाहीत. उगाच काड्या टाकू नका.

चष्मिष्ट

मी फर्निचरवाली असल्यामुळे बीडरमायर शैली माहीत होती पण हा तोच मायर हे आज कळलं :)) १८१५ ते १८४८ मधलं जर्मन-ऑस्ट्रियन घरगुती फर्निचर, साधं, गोलाईचं, फिकट लाकडाचं, मला फार आवडतं. नाव कुठून आलं तर म्युनिकच्या एका विनोदी साप्ताहिकात १८५५ पासून दोघा मित्रांनी एका काल्पनिक भाबड्या शाळामास्तराच्या कविता छापल्या, त्याचं नाव गोटलीब बीडरमायर. बीडर म्हणजे सरळमार्गी, भाबडा. दोघांतला एक वकील आणि दुसरा डॉक्टर, आडोल्फ कुसमाउल, हो तोच, डायबेटिसच्या पेशंटच्या खोल श्वासाला ज्याचं नाव आहे तो.

हॅनोवरी

मायर हे शेपूट म्हणून कुठेही लागतं. अतिशहाण्याला श्लाउमायर, भित्र्याला आंग्स्टमायर, ताकदीचा दिखावा करणाऱ्याला क्राफ्टमायर, आणि ज्याला मंडळं-समित्या-सभासद फी याशिवाय करमत नाही त्याला फेराइन्समायर. शेवटचा प्रकार इथल्या महाराष्ट्र मंडळात पण भेटतो.

पर्वतीची_मावशी

बाई गं, केवढं ते! काकांना आणि आत्यांना दोघांनाही वाचून दाखवलं, दोघंही आपलंच बरोबर म्हणतायत. पण "नी" चं काय? भाचा म्हणतो जर्मनमध्ये नी म्हणजे कधीच नाही. म्हणजे कधीच मायर नव्हते असे मायर की काय?

म्यून्स्टरचा_नाना

हाहा, भाच्याने शाळेतलं जर्मन लावलं. प्रमाण जर्मनमध्ये नी म्हणजे कधीच नाही, बरोबर, पण वेस्टफालियातल्या (म्हणजे बीलेफेल्डच्या भागातल्या) खेड्यात प्रमाण जर्मन कोण बोलत होतं! तिकडची बोली प्लाट, त्यात नी म्हणजे नवा. दक्षिणेत याच अर्थाचं नॉयमायर होतं. नीमायर म्हणजे नव्या मायरवाड्यावरचा. जुन्या वाड्याची जमीन फोडून किंवा जंगल तोडून नवीन वाडा वसवला की त्याच्यावरच्या माणसाला ओळखायला हे नाव पडायचं. ब्राझीलची राजधानी उभारणारा वास्तुकार ऑस्कर निमायर, त्याच्या घराण्यातले जर्मन पूर्वज हे आडनाव घेऊन तिकडे गेलेले.

बीलेफेल्ड आणि शेजारचा लिप्पे हा अशा जोडनावांचा गड्डाच आहे. गावात चार मायर झाले की एक वरचा ओबरमायर, एक खालचा नीडरमायर, पश्चिमेचा वेस्टरमायर, देवळाजवळचा किर्शमायर, टेकाडावरचा ब्रिंकमायर. (नीडरमायर आणि नीमायर एक नाहीत, गल्लत करू नका.) सध्याचे राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर जन्माने लिप्पेमधल्या डेटमोल्डचेच, श्टाइन म्हणजे दगड. काही बड्या घरांची नावं मायर त्सू अमुक अशी असतात, ते वाचून कोणाला सरदार वाटतील, पण तिथे त्सू म्हणजे फक्त त्या वाड्यावरचा. आत्यांना सांगून ठेवा, पुढेमागे नातलगांत असा कोणी निघायचा.

खवचट_खान

बीलेफेल्ड अस्तित्वातच नाही हे कोणी मावशींना सांगितलं की नाही? १९९४ पासूनचा जर्मन नेटवरचा जोक आहे, शहराने २०१९ मध्ये "नाहीये हे सिद्ध करा आणि दहा लाख युरो घेऊन जा" असं बक्षीस लावलं होतं. कोणाला मिळालं नाही.

पर्वतीची_मावशी

अहो असं नका घाबरवू, विमानाची तिकिटं काढलीयेत आम्ही.

नाना, अजून एक शेवटचं. तुमचं वाचून धीर आला म्हणून व्याह्यांना परत विचारलं. त्यांनी एक जुना कागद कॅमेऱ्यासमोर धरला, त्यांच्या खापरपणजोबांचा म्हणे. त्यात नाव मोलर, मग एक शब्द आणि मग नीमायर. त्यांनी तो शब्द वाचला, गेनांट. म्हणजे दोन आडनावं? आमच्या आत्या लगेच "दत्तक असेल".

म्यून्स्टरचा_नाना

मावशी, सोनं सापडलं तुम्हाला. दत्तक नाही, घरजावई.

गेनांट म्हणजे "म्हटला जाणारा". तिकडे आडनाव माणसाचं नसायचं, वाड्याचं असायचं. वाड्यावर जो राहील तो वाड्याचं नाव लावील. नीमायरांच्या वाड्यावर मुलगा नसला आणि मुलगी वारस असली की तिच्याशी लग्न करून येणारा मोलर हा नीमायर व्हायचा, पोरंही नीमायर. वाड्यावर विधवा असली आणि तिने दुसरं लग्न केलं तर येणारा नवराही नीमायर. आणि नीमायरांचा धाकटा मुलगा लग्न करून दुसऱ्या वाड्यावर गेला की तिथलं नाव घ्यायचा. सख्ख्या भावांची आडनावं वेगळी आणि रक्ताचं काही नातं नाही अशी माणसं एका आडनावाची, असे प्रकार चर्चच्या वह्यांत पानोपानी. पाद्री बिचारा गोंधळ होऊ नये म्हणून दोन्ही लिहायचा, जन्माचं आधी, मग गेनांट, मग वाड्याचं.

वेस्टफालिया तेव्हा प्रशियाच्या राज्यात, आणि प्रशियाच्या सरकारला ही पद्धत अजिबात झेपली नाही, सैन्यभरतीच्या यादीत आज मोलर आणि उद्या नीमायर. १८२२ मध्ये राजाने हुकूम काढला की परवानगीशिवाय आडनाव बदलायचं नाही. तरी वेस्टफालियातले शेतकरी बराच काळ आपलंच चालवत राहिले. मग प्रशियात १८७४ ला आणि सगळ्या जर्मनीत १ जानेवारी १८७६ पासून जन्म-लग्न-मृत्यूची नोंद सरकारी कचेरीत सुरू झाली आणि त्या दिवशी कारकुनाने जे लिहिलं ते कायमचं झालं, स्पेलिंगसकट. ई-आय का ई-वाय हे बऱ्याच घरांत असंच ठरलंय, त्याच्या आधी एकाच माणसाची तीन कागदांवर तीन स्पेलिंगं सापडतात.

म्हणजे तुमच्या सुनेचं रक्त मोलरांचं (मोलर म्हणजे प्लाटमधला गिरणीवाला), आडनाव वाड्याचं. पुढे शोधायचं असेल तर व्याह्यांना कागदावरचं गाव आणि पंथ विचारा. लुथेरन असतील तर चर्चच्या वह्या आर्खिओन नावाच्या साइटवर पैसे भरून बघता येतात, कॅथलिक असतील तर मॅट्रिक्युला म्हणून आहे ती फुकट. अक्षर जुनं वळणाचं असतं, वाचायला जड जाईल, पण भाचा इथेच आहे, लावा त्याला कामाला. तीस वर्षांच्या युद्धाच्या आधीचं (१६१८ ते ४८) क्वचितच सापडेल, त्या भागात बऱ्याच वह्या जळल्या-हरवल्या.

हॅनोवरी

आणि लग्नाआधी दोघांना आडनावाचं ठरवायला सांगा, नोंदणी कचेरीत विचारतातच. १ मे २०२५ पासून नियम बदललेत, आता नवरा-बायको दोघंही जोडआडनाव घेऊ शकतात, मधे आडवी रेघ देऊन किंवा न देता, मुलांनाही देता येतं. आधी दोघांपैकी एकालाच जोडता यायचं. भाच्याचं आडनाव काय आहे मावशी?

पर्वतीची_मावशी

कुलकर्णी.

मोडीवाचक

वसूल करणारा आणि हिशेब लिहिणारा एकाच घरात. गावाने आता काय करायचं?

म्यून्स्टरचा_नाना

मुख्य म्हणजे फॉर्मवर मावायचं बघा. कुलकर्णी-नीमायर इंग्रजी लिपीत रेघ धरून सतरा अक्षरं होतात, इथल्या डॉक्टरकडच्या रिसेप्शनिस्टला प्रत्येक वेळी पूर्ण स्पेलिंग सांगावं लागणार. भाच्याला आत्तापासून पाठ करायला लावा, के-यू-एल पासून, आणि शेवटी ई-आय का ई-वाय हे विसरता कामा नये.